श्रीमंतांवर ९७.७५ टक्के कर कसा लावावा (आणि तो पगारदाराकडून कसा वसूल करावा)

फिक्स्ड डिपॉझिटच्या व्याजातून बँकेनं टीडीएस कापला, पण तो २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, दिसत नाही. सबब तोच कर पुन्हा भरा, वर व्याजही द्या, असा इन्कमटॅक्सचा प्रेमळ ई-मेल नुकताच आला. त्याच संध्याकाळी टीव्हीवर एक गृहस्थ टेबल आपटून सांगत होते की धनदांडग्यांवर नव्वद टक्के कर लावला की अर्थव्यवस्था ताळ्यावर आलीच म्हणून समजा. त्यांच्यासमोर बसलेले दुसरे गृहस्थ म्हणत होते, श्रीमंतांचा कर कमी करा, मग बघा कारखाने कसे धडाधड उभे राहतात. २६एएस नावाची चीज उघडून बघायची वेळ दोघांवरही कधी आली नसावी, इतके दोघे प्रसन्न होते.

तेव्हा ज्यांना अर्थमंत्री व्हायचंय, किंवा निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसं बोलायचंय, त्यांच्यासाठी ही कृती. बहुतेक सगळं आपल्याच देशात करून झालेलं आहे, त्यामुळे फसण्याची पूर्ण हमी.

दर ठरवताना हात आखडता घेऊ नका. नव्वद हा आकडा मिळमिळीत आहे. १९७० च्या अर्थसंकल्पात, इंदिरा गांधींकडेच अर्थखातं असताना, दोन लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के दर लागला. त्यावर अधिभार, म्हणजे करावर कर, होताच. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना तो १५ टक्के झाला. ८५ वर १५ टक्के अधिभार म्हणजे ९७.७५. दोन लाखांनंतर कमावलेल्या प्रत्येक लाखातले ९७,७५० सरकारचे, २,२५० तुमचे. काय क्रांतिकारक दिसतं! आता हाच आकडा लपवणाऱ्याच्या बाजूनं मांडा. शंभर रुपये लपवले की शंभरच्या शंभर खिशात. तेच शंभर सरळ मार्गानं खिशात यायचे तर कमवावे लागायचे ४,४४४ रुपये. (आज तीस टक्के दराला १४३ पुरतात.) चोरीला एवढं घसघशीत बक्षीस सरकारनंच जाहीर केल्यावर लोकांनी ते नम्रपणे स्वीकारलं, यात त्यांचं काय चुकलं? मुंबईत सिनेमातलं मानधन टेबलावर थोडं आणि टेबलाखाली बरंच जाऊ लागलं, फ्लॅटचा भाव सांगताना ‘व्हाइट किती, ब्लॅक किती’ हे आधी ठरू लागलं, आणि कंपन्या साहेबांना पगारवाढ देण्याऐवजी फ्लॅट, गाडी, ड्रायव्हर आणि क्लबची मेंबरशिप देऊ लागल्या. डिसेंबर १९७१ मध्ये काळ्या पैशाच्या चौकशीला नेमलेल्या वांचू समितीनं लिहून दिलं की दर असे आभाळाला भिडवाल तर करचोरी होणारच, ते खाली आणा. ते चव्हाणांनीच आणले, पण १९७४ साली: अधिभारासह ७७ टक्के. १९७६ मध्ये ६६, आणि १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी ५०. अहवाल मागवावा, तीन वर्षं मुरवावा, मग वाचावा, ही पद्धत तुम्हीही सोडू नका.

तज्ज्ञ परदेशातून बोलवा आणि त्याचा सल्ला अर्धाच ऐका. १९५६ साली केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर आले. त्यांनी सांगितलं, संपत्ती कर लावा, खर्चावर कर लावा, भांडवली नफ्यावर लावा, बक्षिसांवर लावा. आणि हे सगळं लावलंत की प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर आणा. आपण एकेक करत सगळे नवे कर लावले. पंचेचाळीसचं तेवढं ऐकूच आलं नाही.

दराला दर म्हणू नका, अधिभार म्हणा. प्राप्तिकरात राज्यांना वाटा द्यावा लागतो. अधिभार आणि सेस अख्खा केंद्राचा.

आता खरं कौशल्याचं काम. दर कितीही ठेवा, पण ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचं हे मात्र श्रीमंतांना सोयीचं पडेल असंच ठेवा. एक कोटी पगार घेणारा माणूस घ्या. नव्या करप्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, ७५ हजारांची प्रमाणित वजावट, मग तीस टक्क्यांपर्यंतच्या पायऱ्या, वर १० टक्के अधिभार, वर ४ टक्के सेस: हिशेब येतो २९ लाख २५ हजारांच्या पुढे. आता दुसरा माणूस घ्या. तो कुठेच नोकरी करत नाही. वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेले लिस्टेड शेअर विकून त्यानंही एक कोटीच नफा मिळवला. त्याला १२.५ टक्के, त्यातही पहिले सव्वा लाख माफ. अधिभार-सेस धरून साडेतेरा लाखांच्या आसपास भागतं. कोटी तोच, देश तोच, कर निम्म्याहून कमी. बरं, दोन कोटींच्या वर गेलात तर पगारदाराचा कमाल दर ३९ टक्के, आणि या नफ्याचा? अधिभाराला १५ टक्क्यांची टोपी घातलेली आहे, त्यामुळे १४.९५. शिवाय त्यानं शेअर विकून आलेल्या पैशात मुदतीत राहतं घर घेतलं, तर १० कोटींपर्यंत तेही वाचतं. ही दहा कोटींची मर्यादासुद्धा २०२३ च्या अर्थसंकल्पात आली. त्याआधी तीही नव्हती!

पण हा दुसरा माणूस तसा अडाणीच म्हणायचा, कारण त्यानं शेअर विकले. तिसरा विकतच नाही. त्याच्याकडे शंभर कोटींचे शेअर आहेत, वर्षात त्यांचे एकशे वीस कोटी झाले. उत्पन्न किती? शून्य. विकलं नाही ना, मग कसलं उत्पन्न? पैसे लागले तर शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. मुलांच्या नावे केलं तर जवळच्या नातेवाइकाला दिलेल्या भेटीवर कर नाही. मेला, तर वारसा कर १९८५ मध्येच गेलेला. पुढे वारसानं विकलं तर मूळ किमतीपासूनचा नफा धरतात, हे मान्य. पण वारसानं विकावं कशाला? त्यालाही बँक कर्ज देतेच की. यांच्यावर तुम्ही ९७.७५ नाही, पाचशे टक्के प्राप्तिकर लावा. शून्याचे पाचशे टक्के किती होतात ते चौथीतला पोरगा सांगेल.

आणि शेती! शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा, केंद्रानं हात लावायचा नाही. इतर उत्पन्नाचा दर ठरवायला ते गृहीत धरतात, पण त्यावर स्वतः कर शून्य. विदर्भात कापूस-सोयाबीन लावून कर्जात बुडालेल्या माणसाला या सवलतीचा काय उपयोग? त्याचं करपात्र उत्पन्न होणार तरी कधी? ही सवलत वापरतात ते निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसाय ‘शेती’ लिहून कोट्यवधींची जंगम मालमत्ता दाखवणारे. एकरी किती डाळिंब निघालं, कुठल्या बाजार समितीत विकलं, पट्टी कुठाय, हे त्यांना कोण विचारणार? आणि विचारायला कायदा कोण करणार, तेच ना? तुमच्या बचत खात्यावरचं तीन हजार सातशे रुपये व्याज मात्र एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, पैशासकट छापून येतं. तिथे यंत्रणा काय तल्लख!

तर असो.

संपत्ती कर लावलात तर तो गोळा होणार नाही याची काळजी घ्या. शेअर त्यातून वगळा, ठेवी वगळा, उरलेलं रिकामा प्लॉट, सोनं, गाडी, यॉट, याची किंमत मालकालाच लिहू द्या. आपण असंच केलं. २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून या कराचे १,००८ कोटी जमले. २०१५ साली अरुण जेटलींनी तो रद्द केला आणि कोटीवर उत्पन्न असलेल्यांना २ टक्के जादा अधिभार लावला. म्हणजे साठवलेल्याला सोडलं, कमावणाऱ्याला धरलं.

अमेरिकेचा दाखला जरूर द्या, फक्त पूर्ण देऊ नका. पन्नाशीच्या दशकात तिथे कमाल दर ९१ टक्के होता आणि देश भरभराटीत होता, हे शंभर टक्के खरं. तो दर एकट्या माणसाला दोन लाख डॉलरच्या वर लागायचा, भांडवली नफ्यावर कमाल २५ टक्केच होते, आणि तेलविहीरवाल्यांना उत्पन्नातून २७.५ टक्के ‘विहीर आटते’ म्हणून सरसकट वजा मिळायचे, हे सांगू नका. समोरच्यानं ‘१९८८ साली २८ टक्के दर होता तेव्हाही देश बुडाला नाही’ असं म्हटलं तर चहा मागवा.

अर्थशास्त्राचा आधार हवा असेल तर ७३ टक्के हा आकडा फेका. पीटर डायमंड आणि इमॅन्युएल साएझ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तो अमेरिकेसाठी काढला होता. प्राप्तिकर, राज्याचे कर, पगारावरचे, विक्रीवरचे, सगळे मिळून. त्याखालची अट वाचू नका. ती अशी की पळवाटा जवळजवळ नसाव्यात, म्हणजे दर वाढला म्हणून माणसाला उत्पन्नाचं नाव बदलता येऊ नये. नाव बदलता आलं की तो ७३ भराभर खाली येतो.

हे फसलं तर उलट करा. तेही करून झालंय. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात पाच कोटींवर ३७ टक्के अधिभार लावला, कमाल दर ४२.७४ वर नेला. शेअर बाजार रुसला, ऑगस्टमध्ये भांडवली नफ्यापुरता तो मागे. (पगारावर? छे, पगार रुसत नाही.) २० सप्टेंबरला कंपन्यांचा कर थेट २२ टक्क्यांवर, नव्या कारखान्यांना १५, सरकारनंच सांगितलं, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं पाणी सोडतोय, पण गुंतवणूक बघा कशी येते. २०१८-१९ मध्ये कंपनी कर साधारण ६.६ लाख कोटी आणि वैयक्तिक प्राप्तिकर ४.७ लाख कोटी होता. २०२३-२४ मध्ये कंपनी कर ९.१ आणि तुमचा-आमचा १०.४. कंपन्यांना मागे टाकलंत, अभिनंदन! कारखाने धडाधड उभे राहणार होते ते कुठल्या एमआयडीसीत, तेवढं कळवा. माल खपेल याची खात्री नसताना निव्वळ कर कमी झाला म्हणून कुणी शेड बांधत नाही, हे गाळा भाड्यानं घेतलेला लेथवालासुद्धा सांगेल.

शेवटी वसुली. ती करायची ज्याचं बोट आधीच दाराच्या फटीत आहे त्याच्याकडून. पगार हातात यायच्या आत कापा. व्याजातून दहा टक्के कापा. बँकेनं टीडीएसचं तिमाही विवरणपत्र, म्हणजे २६क्यू, भरताना पॅनचा एक आकडा चुकवला तर दोष खातेदाराचा. त्यानं शाखेत जावं, शाखेनं ‘आमच्या सिस्टिममध्ये दिसतंय’ म्हणावं, त्यानं टॅन (बँकेचा करकपातीचा नंबर), चलन आणि टीडीएस सर्टिफिकेट घेऊन पुन्हा जावं, करेक्शन स्टेटमेंट भरा म्हणून विनवावं, ते भरलं की आठवडाभरानं २६एएस बघावं, मग रेक्टिफिकेशनचा अर्ज टाकावा. तोवर डिमांड उभीच, आणि पुढच्या वर्षीचा रिफंड त्यात वळता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे संन्याशानं दोराचे पैसेही द्यायचे.

अहो, दर काय घेऊन बसलाय? ९७.७५ होता तेव्हा श्रीमंतांनी भरला नाही, ३९ आहे तेव्हाही खरे श्रीमंत भरत नाहीत, कारण त्यांचं उत्पन्न त्या कप्प्यात पडतच नाही. त्यांच्याकडून जास्त घ्यावं का? घ्यावं, जरूर घ्यावं. पण मग नफ्याला आणि पगाराला एकच दर लावा. ठरावीक मर्यादेवरच्या शेती उत्पन्नावर कर लावा, मर्यादा हवी तर पन्नास लाख ठेवा. मोठ्या इस्टेटींवर वारसा कर आणा आणि त्यात शेअर वगळू नका. एवढं केलंत तर दर पस्तीसच्या वर न्यायची गरजही पडणार नाही. पण वारसा कर हा शब्द निवडणुकीत कुणी उच्चारला की मंगळसूत्र जाईल म्हणून ओरडणारे तुम्हीच, आणि ज्यांच्या घरी सोडून जायला दोन खोल्या आणि एक पीपीएफ आहे तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडतात!

आणि स्वतःचंही बघा जरा. फ्लॅट घेताना रेडी रेकनरएवढाच करार करून उरलेले रोख देता, भाडं भरत नाही तरी वडिलांच्या सहीच्या भाडेपावत्या ऑफिसात लावता, डॉक्टरला बिल मागत नाही, आणि रात्री टीव्हीसमोर बसून म्हणता, लावा श्रीमंतांवर नव्वद टक्के. चोवीस लाखांच्या वर तीस टक्के लागतो, मंडळी. कायद्याच्या लेखी ते श्रीमंत तुम्हीच आहात.