घराचं मखर

आमच्या घराला जोतं नाही. अमेरिकेत उत्तर मिनेसोटात, जिथे पारा उणे ३० फॅरनहाइटपर्यंत उतरला तरी शेजारचे आजोबा 'बरं आहे की आज' म्हणतात, तिथे आम्ही १६ फूट रुंद आणि ७६ फूट लांब असं एक मोबाइल होम, म्हणजे चाकांवरून ओढून आणलेलं तयार घर, घेतलं. का घेतलं ते विचारू नका, पक्क्या घरांच्या किमती विचारा. घर लोखंडी चौकटीवर, चौकट काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आणि ठोकळे देवाच्या भरवशावर. खालच्या पोकळीचा सातबारा वाऱ्याच्या नावावर.

पाण्याचे पाइप नेमके तिथूनच जातात. ते गोठून फुटले की घरात थेंब नाही आणि घराखाली बर्फाचं मैदान. म्हणून चारी बाजूंनी स्कर्टिंग, म्हणजे घराच्या कडेपासून जमिनीपर्यंतचा आडोसा, लावून ती पोकळी बंद करायची. पार्कच्या, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या, नियमावलीतही ते आहेच : रंग घराला शोभेल असा हवा आणि फट दिसता कामा नये.

"एवढंच ना?" पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले बाबा साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "दोन ट्रॉली विटा आण, नऊ इंची भिंत घाल, विषय संपला."

"बाबा, इथे थंडीत जमीन वर येते."

"कोण वर येतं?"

मग त्यांना समजावलं. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचं सगळं उचलतं. भिंत टिकायला हवी तर पाया गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यायचा, आमच्या भागात नियमाने ६० इंच. काळ्या मातीवर रस्ते केलेल्या माणसाला फुगणारी जमीन नवी नव्हती. पाच फूट पाया मात्र पचेना. "पाच फुटांत आमच्याकडे दोन मजली उभं राहतं," म्हणाले.

दुकानात आणखी गंमत. स्कर्टिंगचे प्रकार तीन. साधं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं पॅनल, वारा अडवतं, थंडीशी त्याचं काही देणंघेणं नाही. दुसऱ्या प्रकारात त्याच व्हिनाइलच्या पाठीला थर्माकोल. तिसरे फोमचे खोटे दगड : लांबून चिरेबंदी वाडा, जवळ जाऊन एका हाताने उचला. थंडी अडवण्याची ताकद आर-व्हॅल्यूत मोजतात. एक इंच थर्माकोलची साधारण ४, एक्सपीएस नावाच्या दाट फोमची ५. या एका आकड्याच्या फरकाला १८४ फुटांच्या घेरात किती डॉलर जास्त पडतात, हा हिशोब नवऱ्याने तिथेच उभ्याउभ्या केला आणि तो खोट्या दगडांपासून दोन पावलं मागे सरला. थर्माकोल ठरलं.

ज्या थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, ते थर्माकोल मी ऐन भाद्रपदात अमेरिकेत गुडघ्यांवर बसून कापत होते. हे काम थंडीच्या आधीच उरकावं लागतं, गारठ्यात व्हिनाइल तडकतं. लहानपणी गणपतीच्या मखरासाठी कापून हात बसलेला होता. फरक एवढाच, की या मखरातला गणपती कंबरेचं कारण सांगून आत बसला होता आणि खिडकीतून चहाचं विचारत होता. जमीन उतरती, त्यामुळे एका टोकाला पॅनल २८ इंचांचं तर दुसऱ्या टोकाला ३४. खालची पट्टी मोठ्या खिळ्यांनी जमिनीत ठोकायची, वरची घराला. पॅनल मात्र मधे सुटंच ठेवायचं, वर बोटभर जागा सोडून. जमीन उचलली की त्याला सरकायला वाव हवा. थर्माकोलचे दाणे भुवयांना चिकटले ते कुठल्याच साबणाला दाद देईनात.

सगळं हवाबंद करा सांगणारी स्कर्टिंगची पुस्तिकाच पुढच्या पानावर म्हणते, झरोके ठेवा. नाहीतर खालची ओल जमिनीतून थेट लाकडात. दर १५० चौरस फुटांना एक चौरस फूट, म्हणजे आमच्या घराला आठ. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं तर कमी चालतात. म्हणजे पैसे मोजून भिंत घ्या, तिला भोकं पाडा आणि हिवाळा आला की ती भोकं बुजवा.

शेवटचं पॅनल लावण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना हे बघावं लागतं. इथे स्कंक नावाचा, घाबरला की घाण वासाचा फवारा सोडणारा प्राणी असतो. तो कोंडला गेला तर घर सोडायची वेळ आपल्यावर येते. उपाय सोपा : तोंडाशी पीठ भुरभुरायचं आणि सकाळी पावलं बघायची. मी वाकून मैदा पसरत असताना आईचा फोन. "अगं, तिन्हीसांजेला कसली रांगोळी?" सकाळी पाहते तर बाहेर जाणारी पावलं होती, आत येणारी नव्हती. मी तेवढ्यात पॅनल बसवलं.

संध्याकाळी बाबांना चारी बाजू फिरवून दाखवल्या. त्यांनी ओळंबा बघितल्यासारखा एक डोळा मिटून सगळं तपासलं.

"आणि चाकं?"

"खालीच आहेत, बाबा. आसांसकट."

"हवा बघून घेत जा," ते म्हणाले. "स्टेपनी कुठे ठेवलीय?"