‘टेकडीवर गवताशिवाय आहे काय?’ या मेसेजला माझं उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर परत एकदा तो मेसेज आला. मेसेज थोडक्यात असा: पुण्याच्या टेकड्या ओसाड आहेत, आठ महिने नुसतं वाळलेलं गवत, तेव्हा बीडीपीचं आरक्षण उठवा, उतारावर थोडंसं बांधकाम होऊ द्या, बिल्डरला झाडं लावायची सक्ती करा, लोकांना स्वस्त घरंही मिळतील, जमीनमालकांचंही अडणार नाही आणि शहर हिरवंही होईल. भराभर अंगठे पडले, त्यात शेजारच्या काकांचाही होता, म्हणून म्हटलं आता सविस्तरच लिहिते.

बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यान. 1997 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यांच्या विकास आराखड्यात बाणेर, बावधन, वारजे, कात्रज अशा भागातल्या टेकड्यांची 978 हेक्टर जागा यासाठी राखून ठेवली गेली आणि राज्य सरकारनं 2015 मध्ये त्याला मंजुरी दिली. शहराचा नकाशा काढतानाच टेकड्यांना जागा दिली, हे आपल्याकडे फार कमी वेळा झालंय.

आता मेसेजमधला पहिला मुद्दा, ‘टेकडी ओसाड आहे’. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते. मागच्या एप्रिलमध्ये पायवाट सोडून जरा आत गेले तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, मी जागच्या जागी थांबले, खाली बघितलं, काहीच दिसेना, आणि मग एकदम दिसलं, माझ्या चपलेपासून दोन वितींवर चार अंडी, खड्यांच्या रंगाची, खड्यांमध्येच ठेवलेली. घरटं असं काही नव्हतंच, नुसता एक उथळ खळगा होता. तिला मोकळी, खडकाळ, लांबवर नजर पोचेल अशी जमीनच लागते, दाट झाडी तिच्या कामाची नाही. चंडोलाचंही तसंच, तित्तराचंही तसंच. पावसाळ्यात याच मुरमातनं जमिनीवरची ऑर्किड वर येतात, ऑक्टोबरात कुसळं सॉक्समध्ये घुसतात, आणि मे महिन्यात तुम्ही गाडीतनं बघता तेव्हा हे सगळं वाळलेलं दिसतं एवढंच. वाळलेलं म्हणजे मेलेलं नाही हो, मुळं आणि कंद खाली जिवंत असतात, पावसाची वाट बघत. ज्या जमिनीचा सारा मिळत नाही ती पडीक, ही इंग्रजांच्या महसूल खात्याची व्याख्या, आणि आपण अजून तीच धरून बसलोय. आजही सरकारी नकाशांमध्ये गवताळ आणि झुडपी जमिनी पडीक म्हणूनच दाखवल्या जातात.

‘झाडं लावली की भरपाई होते.’ हा प्रयोग पुण्यात झालाय आधीच. आपल्या टेकड्यांवर कित्येक वर्षांपूर्वी गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, भरभरून लावलं गेलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, पटकन वाढतं, लांबून हिरवं दिसतं, पण त्याच्याखाली गवत नीट येत नाही आणि आपले पक्षीही तिथं फारसे रमत नाहीत. देशी झाडं लावू म्हणाल तरी टिटवीच्या खळग्यात खड्डा खणून लावलेलं झाड तिच्या काय उपयोगाचं? सोसायटीच्या लॉनकडेला लावलेल्या शोभेच्या पामांबद्दल तर बोलायलाच नको.

‘थोडंसंच बांधकाम.’ मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण इथं पाण्याचा प्रश्न आहे. आपला खडक बेसॉल्ट, पाणी त्याच्या भेगांमधनं आणि मुरमाच्या थरातनंच खाली जातं. उतारावरचं गवत पावसाचं पाणी अडवतं, सावकाश मुरवतं आणि तेच पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना, बोअरला येतं. आता टेकडीलगत दोन-तीन मजली बेसमेंट पार्किंग खणलं की त्या भेगा मधेच कापल्या जातात. आमच्या रस्त्यावरच्या एका साइटवर मी स्वतः बघितलंय, भर मे महिन्यात बेसमेंटमधनं पंप लावून स्वच्छ पाणी दिवसरात्र गटारात सोडत होते आणि त्याच रस्त्यावर आमच्या सोसायटीत टँकर येत होता! आणि जे पाणी मुरत नाही ते जोरात खाली येतं. जून 2013 मध्ये कात्रजजवळ शिंदेवाडीला बेकायदा डोंगर फोडलेल्या ठिकाणाहून असाच लोंढा हायवेवर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तिथं, बांधायचं नाही हा नियम उगाच नाहीये.

‘घरं स्वस्त होतील’ याला काय बोलणार, टेकडीवरचा व्ह्यू असलेला फ्लॅट पुण्यात कोणी स्वस्तात विकलेला मला तरी आठवत नाही.

शेवटचा मुद्दा, जमीनमालकांचा. हा मात्र खरा आहे आणि टेकडीप्रेमींनी तो टाळू नये. ज्यांच्या सात-बारावर ही जमीन आहे त्यांना बांधताही येत नाही आणि मोबदला म्हणून ठरला जमिनीच्या 8 टक्के टीडीआर (म्हणजे पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), जो त्यांना परवडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं जमीन तशीच अडकून पडते, मग कोणीतरी गुंठा-गुंठा विकतं, रातोरात पत्र्याच्या शेड उभ्या राहतात आणि टेकडीही जाते, मालकालाही काही मिळत नाही. यावर उपाय आरक्षण उठवणं नाही, मोबदला नीट देणं आहे. टीडीआर वाढवा, बजेटमध्ये दरवर्षी टेकड्यांसाठी वेगळे पैसे ठेवा, टप्प्याटप्प्यानं जमीन ताब्यात घ्या. उड्डाणपुलांना पैसे निघतात तर याला का नाही निघणार? काका, पुढच्या वेळी फॉरवर्ड करायचंच असेल तर नगरसेवकाकडे ही मागणी करा, पहिली सही मी करते.