ढोलासमोर उभं केल्याने ऑटिझम जात नाही

गणपती जवळ आले की फिरणारा तो मेसेज यंदा ऑटिझम असलेल्या एका मुलाच्या आईला थेट सासूबाईंकडून आला. म्हणे, ‘कान झाकणं हे लाड. आठ दिवस ढोल-ताशासमोर उभं करा, सवय होते. मोबाइल बंद, गहू-दूध बंद, रात्री अंगावर जड गोधडी. तीन महिन्यांत मूल नॉर्मल.’ वर ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’. पोचला, दुर्दैवाने.

आधी ते ‘लाड’. आवाज, स्पर्श, वेदना यांना नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे 2013 पासून डीएसएम-5 या निदानाच्या प्रमाणग्रंथात ऑटिझमच्या लक्षणांत आहे. ‘किंवा कमी’ हेही वाचा. कुकरच्या शिट्टीला किंचाळणारं पोर गुडघा फुटला तरी हूं की चूं करत नाही, असं होऊ शकतं. यात लाड कुठे बसतात?

आता ढोल. पथकाजवळ आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. तिथे धडधाकट कानाच्या मोठ्या माणसानेही 15 मिनिटांवर थांबू नये. तिसऱ्या दिवशी पोर गप्प झालं की सगळे खूश, ‘बघा, झाली सवय!’ ती सवय नसते, ते थिजलेलं असतं. मग रात्रीची झोप उडते, आणि नुसता ताशा दिसला तरी ते रस्त्यातच बसकण मारतं.

हळूहळू सवय लावता येते, एवढं मात्र कबूल. पण आवाजाची सूत्रं मुलाच्या हातात हवीत. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करा, आवाजाचं बटण त्याच्या अंगठ्याखाली द्या, जेमतेम ऐकू येईल इथून सुरुवात करा. दोन-तीन मिनिटं बास. चेहरा आक्रसायच्या आत थांबा. सगळं फिसकटतं ते एखाद्या काकाने गंमत म्हणून आवाज एकदम वाढवला की. त्यानंतर मूल फोनलाही हात लावत नाही.

मिरवणुकीला कानावरचे इअरमफ आवाज सुरू व्हायच्या आधी चढवा, आणि त्याआधी आठवडाभर घरी पाच-पाच मिनिटं घालून बघा. नाहीतर त्यांचा दाबच सहन होत नाही. दिवसभर मात्र नकोत, शांततेची सवय झाली की साधा आवाजही टोचायला लागतो. तरीही बांध फुटलाच तर बाजूला न्या, दिवा-पंखा बंद, जवळ एकच माणूस, प्रश्न शून्य. ‘काय झालं, सांग ना’ हाही त्या क्षणी गोंगाटच. समजावणं नंतर, पाणी पिऊन झाल्यावर.

बाकीचं झटपट. मोबाइल कमी केल्याने झोप सुधारेल, जरूर करा. ऑटिझम त्याने जात नाही. गहू-दूध बंद करून मूळ लक्षणं हटत नाहीत. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन मात्र जातात. जड गोधडीने झोपेचा वेळ वाढला नाही, असं 2014 च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं, पण काही मुलांना ती आवडते. मग द्या की! फक्त त्याला स्वतःला ढकलून बाजूला करता येईल इतकीच जड, तोंडावर कधीच नाही, आणि गुंडाळून तर अजिबात नाही.