‘एओआय पास’ असूनही बोर्ड रीसेट का होतात: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आम्ही सर्किट बोर्डांवर भाग बसवून देतो. इलेक्ट्रॉनिक चिप्स भाजायच्या (तापवून त्यांतला ओलावा काढायच्या) नावाखाली आम्ही तुमची ऑर्डर आठवडाभर लांबवली, आणि ‘एओआय पास’चा, म्हणजे कॅमेऱ्याच्या तपासणीत पास झाल्याचा, शिक्का असलेले काही बोर्ड तापले की रीसेट होतात, म्हणजे आमची तपासणी नुसती दाखवण्यापुरती आहे, असं तुम्ही लिहिलंय. हे प्रश्न इतर ग्राहकांनाही पडत असणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी उशिराबद्दल. तुम्ही पाठवलेल्या क्यूएफएन (बाहेर पाय नसलेल्या, तळाशी धातूचे पॅड असलेल्या) चिप्सचं पाकीट फोडलेलं होतं आणि आतल्या ह्युमिडिटी कार्डावरचे ठिपके निळ्याचे गुलाबी झाले होते, म्हणजे आत ओलावा शिरला होता. त्याचा फोटो आम्ही त्याच दिवशी मेल केला होता. ओलावा किती सोसतो यावरून चिप्सचे एमएसएल वर्ग पाडतात; या चिप्स एमएसएल ३ वर्गातल्या. पाकीट फोडल्यावर, ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत, त्या १६८ तास उघड्या ठेवता येतात. तुमचं पाकीट कधी फोडलं होतं याची नोंदच नव्हती. अशी चिप रीफ्लोमध्ये, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमध्ये, २४० अंशांच्या आसपास गेली की प्लॅस्टिकमध्ये मुरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि आतले थर सुटू शकतात. बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. टेस्टिंगला बोर्ड व्यवस्थित चालतो आणि वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावर दगा देतो. १२५ अंशांवर भाजून काम लवकर उरकलं असतं, पण चिप्स रीळवर होत्या आणि त्यांची टेप एवढं तापमान सोसत नाही. म्हणून कोरड्या हवेत ४० अंशांवर ठेवल्या, आणि त्याला दिवस लागतात. उद्या असंच पाकीट आलं तरी मी काम थांबवेनच.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. एओआय म्हणजे वरून बघणारा कॅमेरा. भाग जागेवर आहे का, उलटा बसलाय का, कडेला सोल्डर नीट चढलंय का, हे तो चांगलं ओळखतो. क्यूएफएनचा मधला पॅड मात्र चिपच्या पोटाखाली असतो, तिथे त्याची नजर पोचत नाही. तुम्ही परत पाठवलेले बोर्ड आम्ही एक्स-रेखाली घेतले. पॅडमध्ये उघड्या व्हाया (बोर्डातून आरपार जाणारी भोकं) आहेत हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून सांगतो: वितळलेलं सोल्डर त्या भोकांतून खाली उतरलंय आणि पॅडखाली मोठ्या पोकळ्या राहिल्यात. चिपची उष्णता बोर्डात उतरायची वाटच अर्धी झाली. मग चिप तापते आणि स्वतःला बंद करून घेते.

एक्स-रे कोटेशनमध्ये पर्याय म्हणून होता आणि तुम्ही तो घेतला नव्हता. पण कॅमेऱ्याला काय दिसत नाही हे ग्राहकाने ओळखावं, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. म्हणून आता क्यूएफएन किंवा बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप) असलेल्या प्रत्येक कामाचा पहिला बोर्ड एक्स-रेत बघितल्याशिवाय पुढचे बोर्ड ओव्हनमध्ये जात नाहीत, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. सोल्डर पेस्ट लावायच्या स्टेन्सिलमध्ये मधल्या पॅडसाठी एका मोठ्या खिडकीऐवजी छोट्या खिडक्या पाडतो, म्हणजे पेस्टमधल्या फ्लक्सच्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. आणि नुसता ‘पास’चा शिक्का बंद केलाय. कोणते जोड कशाने तपासले आणि कोणते तपासलेलेच नाहीत, हे आता प्रत्येक लॉटबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच.

तुमच्याकडचे उरलेले बोर्डही पाठवा, सगळ्यांचा एक्स-रे आम्ही काढतो. पोकळ्या जास्त असतील तिथे चिप काढून पुन्हा बसवू, त्याचा खर्च आमचा. ज्यांच्यात त्या कमी आहेत ते उगाच उघडू नयेत, कारण चिप काढताना पॅडवर आणखी एकदा उष्णता बसते. पुढच्या लॉटच्या गर्बर फाइल्स (बोर्डाच्या आराखड्याच्या फाइल्स) बोर्ड छापायला देण्याआधी दाखवा. व्हाया रेझिनने भरून वर तांबं चढवायचं की खालच्या बाजूने मास्कने (बोर्डावरच्या संरक्षक थराने) झाकल्या तरी भागेल, हे पॅड बघून एकत्र ठरवू.