कर्त्या पुरुषाचा दिवाळीतील थकवा : काही उपाय

दिवाळी जवळ आली की कर्त्या पुरुषाच्या प्रकृतीची चौकशी करणारे कोणी उरत नाही. साऱ्या घराचे लक्ष भाजणी, पडदे आणि मुलांच्या कपड्यांकडे लागलेले असते, आणि सोफ्याच्या एका टोकाला बसून ही धावपळ दिवसचे दिवस पाहत राहण्याने मनावर जो ताण येतो, त्याची दखल घ्यावी असे कोणालाही वाटत नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा काळ असा निभावून नेणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. म्हणून, गृहस्थहो, हा थकवा आपल्याला कसा टाळता येईल, आणि टळलाच तर तो आल्याची खात्री घरच्यांना कशी पटवून देता येईल, याविषयी थोडे मार्गदर्शन करण्याचे योजले आहे.

प्रथम आपली परिस्थिती समजून घ्यावी. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराचे देशव्यापी सर्वेक्षण केले. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण त्यात २६.१ टक्के आणि स्त्रियांचे ८१.२ टक्के आढळले. अशी कामे करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. स्त्रियांच्या आकड्यात नवल करण्यासारखे काही नाही. चिंता वाटते ती या २६.१ टक्क्यांची. आपल्यातलेच कोणी तरी दिवसाला दीड तासाहून अधिक वेळ घरकाम करून उरलेल्यांना अडचणीत आणत आहे, आणि तो गृहस्थ शेजारच्याच घरात राहत असेल तर त्याचे नाव दिवाळीत आपल्याला रोज ऐकावे लागणार, ही मनाची तयारी आधीच करून ठेवलेली बरी.

थकव्याचा आरंभ साफसफाईपासून करावा. पंखे पुसण्याचे काम स्वतः होऊन मागून घ्यावे, कारण ते उंचावरचे असल्यामुळे साऱ्या घराला दिसते. आपण स्टुलावर चढावे. एकाने स्टूल धरावे, दुसऱ्याने ओले फडके द्यावे, तिसऱ्याने कोरडे द्यावे आणि चौथ्याने खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडलेली जळमटे गोळा करावीत. दोन पंखे झाले की कंबर धरून खाली उतरावे आणि चहा मागावा. त्यानंतर फडताळांतले डबे उतरवणे, ते घासणे, पुसणे, पुन्हा भरणे आणि पितळेची भांडी चिंच लावून उजळणे अशी कामे आठवडाभर चालू राहतात, परंतु ती जमिनीवर बसून होत असल्याने त्यांकडे विशेष लक्ष जात नाही. भाऊबीजेला पाहुणे जमले म्हणजे ‘या वर्षी पंखे मीच पुसले’ हे वाक्य सहज बोलून जावे.

गावी जाणार असाल तर रेल्वेचे आरक्षण आपल्याकडे घ्यावे. सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसणे आणि काही मिनिटांत प्रतीक्षा यादीत जाऊन पडणे, एवढेच ते काम असले तरी त्याच्या वर्णनाला पुष्कळ वाव आहे. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण खुले होत असे, त्यामुळे हा त्रास चार महिने सांगता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आल्याने कर्त्या पुरुषाचे जे नुकसान झाले आहे, त्याकडे रेल्वे मंत्रालयाने अद्याप लक्ष दिलेले नाही. घरातल्या पाचजणांच्या बॅगा भरणे, सासूबाईंची औषधे मोजून घेणे, प्रवासातला डबा करणे आणि मागे राहणाऱ्या तुळशीला पाणी घालायला कोणाला तरी सांगणे या गोष्टी तिकीट असल्याशिवाय करताच आल्या नसत्या, हे घरच्यांच्या नजरेस वरचेवर आणून द्यावे.

खरी कसोटी फराळाची. स्वयंपाकघरात अजिबात न जाणे ही जुन्या वळणाची चूक आहे. आजच्या काळात मदत केली पाहिजे, आणि मदतीचे सर्वांत जबाबदारीचे अंग म्हणजे चव पाहणे. चिवड्यातले मीठ, शेवेतला ओवा, बेसनाच्या लाडवातली वेलची यांबद्दल आपले मत प्रत्येक टप्प्यावर आणि घाण्यागणिक द्यावे. चकली तेलात मोडू लागली तर ‘मोहन जास्त झाले’ असे म्हणावे, कडक झाली तर ‘मोहन कमी पडले’ असे म्हणावे, आणि मोहन म्हणजे नेमके काय हे कोणी विचारण्याच्या आत तेथून निघावे. भाजणी गिरणीतून ‘हरभऱ्यावर दळून आणा’ असे सांगितले गेल्यास ती एकदा बिनदिक्कत गव्हावर दळून आणावी. पुन्हा ते काम आपल्याला कोणी सांगत नाही.

अनारशांचा आग्रह मात्र सोडू नये. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून फडक्यावर पसरून सावलीत वाळवायचे, किंचित ओलसर असतानाच कुटून बारीक चाळायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचे आणि इतके करून तुपात सोडलेला अनारसा हसला, म्हणजे विरघळून कढईभर पसरला, तर सारे तिथेच संपते. कार्यालयातून येऊन रात्री साडेनऊला कढईपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला हा पदार्थ करायला लावण्यात जो सांस्कृतिक आनंद आहे, तो आपण वर्षातून एकदाच आणि फार तर दोन अनारसे खाऊन घेतो, ही गोष्ट वेगळी. ‘आमच्या आईने एकही दिवाळी अनारशांवाचून काढली नाही’ असे म्हणावे. आईला त्या वेळी काय वाटत होते हे आपण विचारले नव्हते, आणि आता विचारू नये.

या साऱ्या गडबडीत मनःशांती टिकवण्यासाठी दिवाळी अंकासारखे साधन नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि खुर्चीत बसून राहण्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली, तेव्हापासून अंक उघडून बसलेल्या माणसाला लसूण सोलायला सांगणे हा साहित्यावरचा आघात ठरतो. वाचताना डोळा लागल्यास अंक छातीवर उघडाच राहू द्यावा. घरातल्या बायकांनाही वाचनाची आवड असते, आणि त्यांच्या वाट्याला हे अंक साधारणपणे संक्रांतीच्या सुमारास येतात.

नरकचतुर्दशीच्या पहाटेचा थकवा हा स्वतंत्र प्रकार आहे. आपण पाच वाजता उठतो, तेही तीनदा हाक मारल्यावर, आणि दिवसभर त्या उठण्याविषयी बोलतो. पाणी तापवणारी, तेल कोमट करणारी, उटणे कालवणारी, रांगोळी घालून पाट मांडणारी आणि औक्षणाचे तबक तयार ठेवणारी व्यक्ती किती वाजता उठली असेल या विचाराने उगाच मन खिन्न होते, म्हणून तो करू नये. पाडव्याला पुन्हा तेच तेल, तेच पाणी आणि तेच औक्षण घ्यावे आणि तबकात ओवाळणी घालावी. ती रक्कम पंधरवड्यात वाणसामानाला लागतेच.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या केरसुणीची पूजा करतात. जिला आपण वर्षभर हात लावलेला नसतो, तिला हळदकुंकू वाहून नमस्कार करण्याइतकी जवळीक या एका संध्याकाळी अवश्य साधावी. तिच्याशी त्याहून अधिक सलगी केल्यास घरातल्यांच्या अपेक्षा वाढतात, आणि ताण वाढण्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेल्या अपेक्षा हेच असते, असे ताणाविषयी व्याख्याने देणारे सगळेच सांगतात.

सण सरला की एखाद्या संध्याकाळी, पाय सुजलेल्या अवस्थेत, ‘पुढच्या वर्षी सगळा फराळ विकत आणू’ असा प्रस्ताव येईल. त्याला विरोध करू नये. विरोध केल्याने वाद होतो आणि वादाने रक्तदाब वाढतो. उलट ‘अगं, मी कधीपासून हेच म्हणतोय, तूच ऐकत नाहीस’ असे तत्परतेने म्हणावे, म्हणजे झालेल्या श्रमांची जबाबदारीही ज्याची त्याच्याकडे जाते. पुढच्या वर्षी विकतची पहिली चकली पुढ्यात आली की ती अर्धी मोडून खावी, उरलेली बशीत ठेवावी आणि काही न बोलता क्षणभर खिडकीबाहेर पाहावे. दुसऱ्या दिवशी भाजणीसाठी तांदूळ धुतले जातात.

फराळाचे मोठे डबे रिकामे झाल्यावर ते पुन्हा माळ्यावर चढवायचे असतात, आणि स्टुलाचे काम आपलेच असल्याचे आपण सर्वांना सांगून बसलेले असतो. त्या रविवारी कार्यालयात तातडीची बैठक ठेवावी.