प्लॅन पास झाला, पण सळई कुणी बघितली?

सांगली-मिरजेत कुणी घर बांधायला काढलं की पाहुणे, शेजारी, बँकवाले सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "प्लॅन पास झाला का?" झाला म्हटलं की सगळे निवांत. मी इथं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते, आणि हा प्रश्न अर्धाच आहे असं मला ठामपणे वाटतं. पास होतो तो कागद. घर उभं राहतं ते खड्ड्यातल्या सळईवर आणि तिच्यावर पडलेल्या काँक्रीटवर. ती सळई झाकायच्या आधी कुणी बघितली का? बहुतेक घरांच्या बाबतीत याचं खरं उत्तर "कुणीच नाही" असं आहे.

परवानगीचा भाग आता खूप सोपा झालाय आणि ते चांगलंच झालं. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल तर परवानाधारक आर्किटेक्टच्या किंवा इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि कागदपत्रं द्यायची, विकास शुल्क भरायचं, आणि ती पावती हाच परवाना. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निर्णय. आपल्या भाषेत सांगायचं तर दीड गुंठ्याला जरासं कमी ते तीन गुंठ्यांच्या आतबाहेर. आता सांगलीत, कुपवाडात किंवा मिरजेच्या नव्या वस्तीत फिरून बघा. सर्वसामान्य माणसाचा प्लॉट एक, दीड, दोन गुंठ्यांचाच असतो. म्हणजे शहरात उभी राहणारी कितीतरी घरं या सोप्या वाटेनंच जाणार. पूर्वी सातबारा, मोजणी नकाशा, झोन दाखला घेऊन महिनोन् महिने टेबलं फिरणारे लोक मी बघितलेत. त्यांचा तो त्रास परत यावा असं मला अजिबात वाटत नाही.

पण कागद सोपा केला तेव्हा जागेवरची तपासणी वाढवायला हवी होती. ती वाढली नाही.

आत्ता नियमात काय आहे ते बघा. जोत्यापर्यंत काम आलं की आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत महापालिकेला कळवायचं. त्यालाच आपण प्लिंथ चेकिंग म्हणतो. काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला आणि मग भोगवटा, म्हणजे राहायला जायची परवानगी. जोत्याच्या तपासणीत मुख्यतः काय बघतात? समोर किती सोडलं, बाजूला किती सोडलं, मागं किती सोडलं, मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही. ही मापं महत्त्वाची आहेतच. शेजाऱ्याचा उजेड-वारा त्यावर असतो, आगीचा बंब गल्लीत शिरेल का तेही त्यावर ठरतं. पण जोतं वर आलेलं असतं तोवर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, मातीखाली गेलेलं असतं. ते मुरमावर बसलंय की काळ्या मातीवर, सळईच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळई वर उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे) होते का, कॉलमच्या रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीची आडवी कडी) कशा वळवल्या होत्या, हे तेव्हा कुणालाच दिसत नाही. आणि शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थैर्य दाखला जोडतात तेव्हा तर प्लॅस्टर होऊन रंगही लागलेला असतो. भिंतीवर हात फिरवून आतली सळई कळत नाही. ज्या क्षणी तपासायला हवं तो क्षण जोत्याच्या आधी येतो, स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी येतो, आणि नेमका तेव्हाच साइटवर गवंडी, सेंट्रिंगवाला आणि मालक यांच्याशिवाय कुणी नसतं.

एका साइटचं सांगते. विश्रामबागेच्या पलीकडं, तळमजला अधिक एक असं घर. डिझाइन दुसऱ्याचं होतं, मालकांनी ओळखीनं मला "फक्त एकदा बघून जा" म्हणून बोलावलं होतं. कॉलमचे सांगाडे उभे होते, दुसऱ्या दिवशी शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागणार होतं. सळईची जाडी बरोबर, संख्या बरोबर. पण रिंगेची टोकं नुसती काटकोनात वळवलेली. नियम असा की रिंगेचं टोक १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात वळलं पाहिजे आणि आठ मिलिमीटरच्या रिंगेचं टोक आत किमान ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच गेलं पाहिजे. कारण सोपं आहे. भूकंपात कॉलम हलतो तेव्हा बाहेरचा काँक्रीटचा थर आधी सुटतो. टोक काटकोनातलं असेल तर रिंग उघडते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. टोक आत गाडलेलं असेल तर आतलं काँक्रीट जखडून राहतं. मी हे सांगत होते तर सळई बांधणारा म्हणाला, "मॅडम, हितं कोण बघतंय? आमची सगळी घरं असंच बांधून झाल्यात." तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच कुणी कधी थांबवलं नव्हतं. मालकांनी कामं थांबवली, रिंगा बदलून घेतल्या. सळई बांधणाऱ्यांचा एक जादा दिवस गेला, खर्च घराच्या एकूण खर्चात दिसणारही नाही इतका. त्याच गल्लीत आणखी दोन घरांचे कॉलम उभे होते. तिकडं मला कुणी बोलावलेलं नव्हतं.

भूकंप आपल्याकडं कुठं होतात, असं म्हणणारे भेटतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटेची वेळ, शंभरावर माणसं गेली, कोयनानगर आणि पाटण भागातली घरं जमीनदोस्त झाली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या पहाटे सांगली-साताऱ्यात लोक कसे बाहेर पळाले ते अजून सांगतात. त्यानंतरही कोयना परिसरात लहान-मोठे धक्के येतच राहिलेत. तेव्हाची घरं बहुतेक दगड-मातीची होती. आताची आरसीसी आहेत आणि म्हणून लोकांना वाटतं आपण सुरक्षित. आरसीसी चुकीचं बांधलं तर ते दगड-मातीपेक्षा जास्त जीव घेतं, कारण स्लॅब अंगावर येतो.

आणि भूकंपाशिवायही इमारती पडतात. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जण गेले. इमारत काही पन्नास वर्षांची नव्हती, दशकही पुरतं झालं नव्हतं. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असतानाच इमारत पडली आणि ७४ माणसं मेली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर परवाना कुणी दिला याची चौकशी होते. काँक्रीट पडताना तिथं कोण उभं होतं, हा प्रश्न मागं पडतो.

आपल्या सांगलीची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे जमीन आणि पाणी. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. त्या मातीवर फुटिंग बसवलं की दोन-तीन पावसाळ्यांत दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीच म्हणून समजा. फुटिंग मुरमापर्यंत नेणं, नाही तर पाइल (खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घेणं, हा यावरचा उपाय सगळ्या इंजिनिअरना माहीत आहे. पण किती खोल खणायचं हे साइटवर गवंडी ठरवतो, आणि जेसीबीचा तास वाचला की मालकही खूश. त्यात महापूर. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निळ्या पूररेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द) आत नवीन बांधकाम नको आणि निळ्या-लाल रेषेच्या (लाल म्हणजे मोठ्या पुराची हद्द) मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या किमान ४५ सेंटिमीटर वर पाहिजे, असं नियमावली सांगते. हे जोतं मोजायला कुणी लेव्हल मशीन लावून उभं राहतं का? रस्त्यापासून तीन फूट वर घेतलं म्हणजे झालं, असा सरळ हिशेब चालतो. रस्ता आणि लाल रेषा यांचा काही संबंध नाही.

पुरानंतर मी दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटच्या बाजूला बरीच घरं बघितली. लोकांनी चिखल काढला, भिंती धुतल्या, पुढच्या वर्षी रंग दिला. पण जोत्यातला भराव आठ-दहा दिवस पाण्यात होता, तो खाली बसला आणि फरशीखाली पोकळी तयार झाली, हे फरशीवर टकटक केल्याशिवाय कळत नाही. बीमच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबूस डाग होते त्यावर पुट्टी मारली. डाग गेला, गंज आतच राहिला.

गुंठेवारीचा, म्हणजे बिनपरवाना गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटांवरच्या घरांचा, प्रश्न तर मोठाच. २००१ च्या कायद्यात १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय होती, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. मी या सोयीच्या बाजूची आहे. एक गुंठा घेऊन, पै-पै जमवून घर बांधलेल्या माणसाला कायम बेकायदा म्हणून जगायला लावणं अन्यायाचं आहे. पण शुल्क भरून घर नियमित झालं म्हणजे मजबूत झालं, असं होत नाही. नियमित करतानाच त्या घराची एकदा इंजिनिअरकडून पाहणी झाली असती आणि मालकाला दोन ओळींत सांगितलं असतं की वर मजला चढवू नका, किंवा हा कॉलम जॅकेट करून (बाहेरून नवी सळई-काँक्रीट चढवून) घ्या, तर लोकांनी ते ऐकलं असतं. मुलाचं लग्न ठरलं की पहिला विचार वरच्या मजल्याचाच असतो, आणि खालची फुटिंगं कधीच तेवढ्या वजनाची नसतात.

आता माझ्याच धंद्याबद्दल स्पष्ट बोलते. सहीचे इंजिनिअर ही आपल्याकडची उघड गोष्ट आहे. साइटवर पाऊल न ठेवता, ठरलेली फी घेऊन देखरेखीच्या दाखल्यावर सही करायची. कायद्यानं जी तपासणी आमच्यावर सोपवली ती आम्हीच केली नाही, तर महापालिकेला नावं ठेवायचा आम्हाला काही अधिकार उरत नाही. अशा सह्या करणाऱ्याचा परवाना काढून घेतला पाहिजे, आणि हे मी माझ्या ओळखीच्या माणसांना तोंडावर सांगितलंय.

तपासणी वाढवा म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे चहापाणी वाढलं." ही भीती खोटी नाही. साहेब साइटवर येणार म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण साहेब येतात ते काही तरी काढायलाच, असा अनुभव आहे. पण यावर उपाय तपासणी बंद करणं हा नाही. बघा, गृहकर्ज घेतलं तर बँक जोत्याला, स्लॅबला, भिंतींना असे टप्प्याटप्प्यानं पैसे सोडते आणि प्रत्येक टप्प्याला आपला माणूस पाठवून काम बघून घेते. बँकेला तिच्या पैशांची काळजी आहे म्हणून हे जमतं. मग घरात झोपणाऱ्या माणसांच्या जिवासाठी का जमत नाही? महापालिकेकडं माणसं कमी आहेत हे मान्य. पण शहरातच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अनुभवी निवृत्त अभियंते आहेत. त्यांचं पॅनेल करा, साइट कुणाच्या वाट्याला येईल ते चिठ्ठीनं ठरवा, फी ठरवून ऑनलाइन भरून घ्या. फुटिंगची जाळी, कॉलमच्या रिंगा आणि स्लॅबची सळई यांचे जागा-वेळेसकट फोटो काँक्रीटच्या आधी अपलोड झाल्याशिवाय पुढचं काम नको. नकाशा ऑनलाइन घेता येतो तर हे फोटोही घेता येतील. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला निदान रेरा कायद्यात पाच वर्षांची दोष-दुरुस्तीची हमी आहे. स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्याच्या पाठीशी कुणीच नाही, आणि आपल्याकडं बहुतेक लोक असंच घर बांधतात.

हे महापालिकेत होईल तेव्हा होईल, मी त्यासाठी निवेदन देणार आहे. तोवर ज्यांचं काम चालू आहे त्यांना काही गोष्टी सांगते, मिस्त्रीशी भांडायची गरज नाही. काँक्रीटच्या आदल्या दिवशी तुमच्या इंजिनिअरला साइटवर बोलवा आणि त्याचे पैसे वेगळे द्या, घासाघीस करू नका. सळईखाली खडीचे तुकडे ठेवलेले दिसले तर काढायला लावा, सिमेंटचे कव्हर ब्लॉक आणा: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. स्लॅबच्या दिवशी "माल सुटत नाही, पाणी वाढवा" असा आवाज आला की तिथंच थांबवा, कारण जादा पाण्यानं काँक्रीट ओतायला सोपं होतं आणि कायमचं कमजोर होतं. मिक्सरमधल्या मालाचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरून घ्या आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघा, तो रिपोर्ट घराच्या कागदपत्रांत ठेवा. आणि पाणी मारणं. ते तुम्ही स्वतःच करा, सकाळ-संध्याकाळ.

कुणाचे कॉलमचे सांगाडे आत्ता उभे असतील आणि काँक्रीट अजून पडलं नसेल, तर रिंगेच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा. फोटोवरून सगळं कळत नाही, पण टोक कुठं वळलंय ते कळतं. सांगली-मिरजेत असाल तर येऊनही बघेन, पैसे नकोत. शटरिंग लागायच्या आधी कळवा मात्र.