बसली ना? मग बरोबरच आहे!

समोरच्या यूएसबीत लावलेला पेनड्राइव्ह बघता बघता चटका बसेल इतका तापला आणि कायमचा गेला, तर चूक पेनड्राइव्हचीच असते. ज्याने पीसी जोडला त्याला बोल लावायचा नाही. त्याने सगळ्या वायरी खोचल्या होत्या, एकही शिल्लक नव्हती. नाशकात एम. जी. रोडवरून सुटे पार्ट आणून सिडको-सातपूरकरांना पीसी 'जोडून देणाऱ्या' तमाम तज्ज्ञांसाठी या काही सूचना.

मॅन्युअल मदरबोर्डाच्या खोक्यातच राहू द्या आणि खोकं माळ्यावर. त्यात जेएफपी१ किंवा एफ-पॅनल असं लिहिलेलं, समोरच्या बटणांच्या आणि लाइटच्या वायरी कुठे लावायच्या ते दाखवणारं एक पान असतं. ते उघडलंत तर काम दहा मिनिटांत संपेल. मग गिऱ्हाइकाला ते अवघड वाटायचं कसं?

कॅबिनेटच्या बारक्या वायरी जिथे लागतात तिथे नऊ पिना असतात, दहाव्या पिनेची जागा रिकामी. कारखान्यात पिना संपल्या असतील असं समजा. बहुतेक बोर्डांवर रिकाम्या जागेच्या ओळीत दुसऱ्या टोकापासून आधी पॉवर लाइटचे प्लस-मायनस, मग पॉवर स्विचच्या दोन पिना. शेजारच्या ओळीत हार्ड डिस्क लाइटचे प्लस-मायनस, मग रिसेटच्या दोन, आणि शेवटची कोणाचीच नाही. एवढं कोण लक्षात ठेवणार? खोचत सुटा.

स्विचच्या वायरी उलट लागल्या तरी चालतात, म्हणून भरपूर वेळ त्यांच्यावरच घालवा. लाइटची वायर उलटी लागली तर लाइट पेटत नाही, जळतही नाही. कनेक्टर फिरवून लावला की झालं. पण तुम्ही ठामपणे सांगा, "या मॉडेलला लाइट येतच नाही."

टॉर्च वापरू नका.

डिसेंबरात नाशकात कोरडी थंडी पडली की लोकरी स्वेटर घालूनच बोर्ड हाताळा. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवणं हे भित्र्यांचं काम.

पीसी सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतो? एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलायला सांगा. समोरचं बटण आत अडकून दाबलेलंच राहिलंय का, हे बघू नका. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं तर बोर्ड सुरू होतो. तसा तो नीट चालत असेल तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. पण मग नवा एसएमपीएस खपायचा कसा?

आता यूएसबी. स्वस्त कॅबिनेटमध्ये तिच्या वायरी कधी कधी सुट्या येतात. लाल पाच व्होल्टची, पांढरी आणि हिरवी डेटाची, काळी ग्राउंडची. हेडरला, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या जागेला, इथेही नऊच पिना, पण रिकामी जागा नवव्या पिनेची. एक ओळ म्हणजे एक पोर्ट. रिकाम्या जागेच्या बाजूला काळी, पार विरुद्ध टोकाला लाल. लाल आणि काळीची अदलाबदल केली की पाच व्होल्ट उलटे जातात आणि पोर्टात जे लावाल ते तापून मरतं. आवाजाचं हेडरही नऊ पिनांचंच, तिथे मात्र रिकामी जागा आठव्या पिनेची. का? तुम्ही एकाचा कनेक्टर दुसऱ्यात घुसवू नये म्हणून! त्यासाठीच कनेक्टरचं तेवढं भोक बुजवलेलं असतं. ते बुजलेलं दिसतं, तरी तुम्ही अंगठ्याने रेटता! यूएसबी ३ च्या एकोणीस पिनांच्या कनेक्टरची तीच गत. खाच एकाच बाजूला असते, ती न बघता दाबायचा, आत दोन-तीन पिना आडव्या पाडायच्या, मग केबलला धरून हिसका द्यायचा की भोवतीची प्लास्टिकची चौकटही उपटून हातात. वाकलेली पिन नशीब असेल तर एकदा सरळ होते, पुढच्या वेळी तुटते. आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायला कोण जातं? तुम्ही तर फोनच उचलत नाही.

अरे, असेंबलीचे पैसे वेगळे मोजून घेतोस ना? मग वाच की जरा! कनेक्टरवर अक्षरं छापलेली आहेत, बोर्डावर छापलेली आहेत, दोन्ही जुळवायला इंजिनिअर लागत नाही. एसएमपीएसचं मागचं बटण बंद कर, विजेची वायर काढ, उजेड घे आणि एकेक लाव. सगळं झाल्यावर समोरच्या पोर्टात पहिला पेनड्राइव्ह तुझा स्वतःचा लाव, दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोंचा नको. आणि सुट्या वायरींचा क्रम कळत नसेल तर समोरची यूएसबी जोडूच नकोस. मागे बोर्डाचे पोर्ट आहेत. गिऱ्हाईक वाकून लावेल, दोन शिव्या घालेल. खा त्या.